शाबेलची भट्टी

शाबेल रॉड्रिग्ज देवाशी मोठ्याने बोलायची. प्रार्थनेच्या सुरात नाही, कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याशी बोलावं तशी. संध्याकाळी तळाशील-तोंडवलीहून होडीने खाडी ओलांडून परतणारी माणसं आमच्या वाडीच्या तोंडाशी असलेल्या खुरसावरून पुढे जायची. चुन्याने रंगवलेल्या त्या दगडी क्रुसापुढे पदर खोचून उभी असलेली शाबेल त्यांना हमखास दिसायची, आणि तिचं बोलणंही ऐकू यायचं.

"आज लाकडां वली होती. धुरान डोळे गेले माझे. उद्या जरा वारो आवर."

एवढं सांगून, कपाळाला आणि छातीला बोटं लावून ती चालू लागायची. नवखा माणूस थबकून मागे बघायचा. आम्हा वाडीतल्यांना मात्र त्यात काही वेगळं वाटत नसे.

ही सवय तिच्या आईकडची. शाबेलचं माहेर आत डोंगराच्या पायथ्याशी, जेमतेम चार-पाच ख्रिस्ती घरांच्या वस्तीत. इगर्ज, म्हणजे चर्च, लांब होती. पाद्री कधीतरी बैलगाडीतून यायचा, मीसची प्रार्थना म्हणायचा, पोरांच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि उन्हं कलायच्या आत परत निघायचा. बाकीच्या दिवसांत देव आणि ती माणसं यांच्यामध्ये कोणी नव्हतं. तिन्हीसांजेला सगळं घर खळ्यात बसून तेर्स म्हणायचं, हातातली जपमाळ एकेका मण्याने पुढे सरकायची, आणि माळ संपली की शाबेलची आई आपोलिन दिवसभराचा पाढा देवाला वाचून दाखवायची. कोंबडी खुडुक बसली. भाताला कीड लागली. धाकट्याच्या कानातून पू येतोय.

शाबेलच्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं होतं त्या वर्षी घरात जेवणावळीसाठी एक डुक्कर पोसलं होतं. लग्न तोंडावर आलं आणि ते डुक्कर काहीतरी खाऊन पटकन मेलं. घरात रडारड झाली. बाप डोक्याला हात लावून पडवीत बसला. आपोलिनने संध्याकाळी तेर्स पुरी केली आणि क्रुसाकडे बघून म्हणाली, "डुक्कर मेलो. लगीन आसा. आता तू बघ." मग उठून तिने भाताचं आधण ठेवलं.

लहानग्या शाबेलने विचारलं, "आवय, देव दुसरो डुक्कर धाडतलो काय गो?"

"माका काय म्हायत? मी सांगलंय. आता त्याचा काम त्याणां करूचा, आपला आपण. जा, पाणी घेवन ये."

डुक्कर काही आलं नाही. लग्नात सुक्या सुंगटांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, कढी आणि भात वाढला गेला. लोक पोटभर जेवले आणि पहाट होईपर्यंत नाचले. शाबेल पुढे ही गोष्ट सांगायची तेव्हा ऐकणाऱ्याला वाटायचं, आता चमत्कार येणार. तो येत नसे. "चमत्कार खंयचो? आवयन रडूचा सोडून कढी केल्यान, तोच," असं म्हणून ती हसायची.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी पास्कू रॉड्रिग्जशी लग्न होऊन ती आमच्या वाडीत आली. पास्कू पोदेर होता, म्हणजे पाव भाजणारा. सडपातळ, गुणगुणणारा माणूस. घरामागे त्याच्या बापाने बांधलेली मातीची घुमटीसारखी भट्टी होती. पास्कू पहाटे उठून पाव भाजायचा आणि उजाडलं की टोपली डोक्यावर घेऊन खाडीच्या दोन्ही काठांना फिरायचा. गावाकडे तेव्हा पाव म्हणजे आजाऱ्याचं खाणं. कोणाच्या दारात पास्कू थांबला की शेजारी विचारायचे, तुमच्याकडे कोण पडलंय? तरीही चहाच्या हॉटेलांमुळे धंदा बरा चालायचा.

पावाचं पीठ फुगायचं ते माडीने. बाबली भंडारी माडावर चढून माडी काढायचा. खाली उतरला की पहिलं मडकं घेऊन तडक पास्कूकडे यायचा. रात्रभर आंबलेली ती फेसाळ माडी पिठात पडली की पीठ कसं टम्म व्हायचं. पास्कूचे पाव म्हणजे अर्धे बाबलीचे, असं दोघेही मानायचे.

मग एकोणीसशे पन्नासात सरकारने दारूबंदी लागू केली आणि दारूबरोबर माडीही गेली. बाबलीला माडावर चढायची बंदी झाली. पास्कूचं पीठ परातीत निपचित पडून राहू लागलं. त्याने सोडा घालून बघितला, तर पावाला साबणाची चव आली. काहीच न घालता भाजून बघितलं, तेव्हा धक्क्यावर चहाचं हॉटेल चालवणारी काशीबाई तो पाव टेबलावर आपटून म्हणाली, "पास्कू, ह्यो पाव की पाट? ह्येच्यार बसान जेवूक येतला."

पास्कू त्या दिवशी गुणगुणला नाही. पावसाळ्यानंतर तो मुंबईला गेला. गावच्या ख्रिस्ती खलाशांनी मिळून घेतलेली एक खोली तिथे होती. तिथे पथारी टाकून त्याने गोदीत खेटे घातले आणि अखेर एका बोटीवर पाव भाजायचं काम मिळवलं. बोटीवर खमीर डब्यात मिळायचं. निघताना तो शाबेलला म्हणाला, "भट्टी थंड पडली म्हणान वायट वाटून घेव नको."

शाबेलला वाईट वाटलंच. कडेवर रेजीन होती, वर्षाचीही नसेल. पास्कू जमेल तसं पाठवायचा, चूल पेटायची. पण घरामागची ती गार भट्टी तिच्या डोळ्यांत खुपायची. एका संध्याकाळी तिने खुरसापुढे उभं राहून देवाला सांगितलं, "पीठ फुगणां नाय. काय करू तां तूच सुचव. मी उद्यापासून सुरवात करतंय."

आणि खरंच दुसऱ्या दिवशी तिने सुरुवात केली. तिने कुठेसं ऐकलं होतं की पीठ आणि पेजेचं पाणी कालवून मडक्यात झाकून ठेवलं आणि त्यात रोज थोडं पीठ घालत गेलं, तर ते आपसूक आंबतं. आंबलं खरं, पण त्याचा वास असा सुटला की कुत्रीसुद्धा लांबून जायची. ते मडकं तिने माडाच्या मुळाशी ओतलं आणि दुसरं लावलं. बाबली आता रिकामाच होता. तो येऊन लाकडं फोडून द्यायचा आणि मडक्यात डोकावून हळहळायचा.

"वयनी, ह्याका जीव नाय. माझ्या माडीक कसो जीव होतो."

"तुझ्या माडीचा नाव काढू नको रे. तुका नि माका दोघांकय उचलून न्हेतले."

ते तसं व्हायची वेळ आलीच. एके दिवशी धुराडं चालू बघून काशीबाईने हॉटेलात चार लोकांत सांगितलं, "शाबेलची भट्टी पुन्ना पेटली." तिला अर्थातच पावाची भट्टी म्हणायचं होतं. पण तिथे चहा पीत बसलेल्या एका परक्या माणसाच्या कानी फक्त 'भट्टी पेटली' एवढंच पडलं. दारूबंदीच्या दिवसांत भट्टी पेटली म्हटल्यावर पावाचा विचार कोण करणार? त्याने ते मालवणला पोचवलं. दुसऱ्या सकाळी एक फौजदार आणि दोन शिपाई शाबेलच्या खळ्यात उभे राहिले.

फौजदार घाटावरचा, नुकताच बदलून आलेला. त्याने घराभोवती एक फेरी मारली आणि नेमकं ते मडकं उघडलं. आत बुडबुडे येत होते. वास तर विचारायलाच नको.

"हे काय आहे, बाई?"

शाबेलने साहेबासाठी आपली शाळेतली मराठी बाहेर काढली. "साहेब, हे पावाचं खमीर आहे."

"याला दारूचा वास येतो."

"मला तर उंदीर मेल्यासारखा वास येतो," शाबेल म्हणाली. एक शिपाई हसला आणि लगेच गप्प झाला.

फौजदाराने हुकूम केला की पाव करून दाखवा, नाहीतर मडक्यासकट चला. आजवर शाबेलचा एकही पाव धड फुगला नव्हता. तिने मनात देवाला सांगितलं, आज तरी फुगव, आज माझी इज्जत तुझ्या हातात आहे. कालचं मळलेलं पीठ होतंच. बाबलीने भट्टी तापवली. फौजदार आंब्याखाली खुर्ची टाकून बसला. शाबेलने गोळे आत सारले, तोंडाला पत्रा लावला आणि तिथेच उभ्याने जपमाळ सुरू केली.

पत्रा काढला तेव्हा आत पूर्वीसारखेच पाट निघाले. चपटे, तपकिरी, कडक.

शाबेलच्या डोळ्यांत पाणी आलं. फौजदाराने एक उचलला, वाजवून बघितला, दाताखाली धरला आणि पुन्हा हातात घेऊन त्याकडे बघत राहिला. मग तो आधी गालात आणि नंतर मोठ्याने हसला.

"बाई, ज्या खमिराने एवढासा पाव फुगत नाही, त्याची दारू काय कपाळ होणार? चला रे." जाताना मात्र त्याने एक पाट कागदात बांधून घेतला. म्हणाला, बायकोला दाखवतो, ती म्हणते माझ्या चपात्या कडक होतात.

त्या संध्याकाळी खुरसापुढे शाबेल बराच वेळ होती. होडीवाल्यांनी ऐकलं ते असं: "मी सांगलंय फुगव, तू फुगवलंस नाय, म्हणान मी सुटलंय. फुगलो आसतो तर फौजदार म्हणालो आसतो, ह्या खमिरात जोर आसा. तुझा गणित माका कळणां नाय. पण उद्यापासून फुगव हां. आता फौजदार येवचो नाय."

फुगायला अजून बराच काळ गेला. थंडी सरली, उन्हं तापली, आणि चैत्रात एका सकाळी मडक्यातल्या वासात बदल झाला. कच्च्या कैरीसारखा, हवाहवासा आंबट वास. त्या दिवशीचे पाव भट्टीतून निघाले ते गोल, हलके, वर तडकलेले. बाबलीने त्यातला एक हातावर झेलला आणि नुसता बघत राहिला. टोपली घेऊन पहिला तोच बाहेर पडला. माडाचा माणूस जमिनीवर आला, असं लोक चेष्टेने म्हणायचे. पण त्याला टोपलीही तोलायला जमली. काशीबाईने पाव मोडून चहात बुडवला, खाल्ला आणि म्हणाली, "जरा आंबट आसा. पण आमच्या लोकांका आंबट चलता." काशीबाईच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी कोणी ऐकली नव्हती.

पास्कू वर्षाआड रजेवर यायचा. यायचा तेव्हा भट्टीपुढे बसून बायकोच्या हातचा पाव नुसता खायचा आणि गुणगुणायचा. बोटीवरच्या गोष्टी सांगायचा. रेजीनला खांद्यावर बसवून खाडीपर्यंत न्यायचा. शाबेलची ती वर्षं सुखाची गेली. त्या वर्षांत ती देवाला फारसं काही मागत नसे. खुरसापुढचं बोलणं आटोपतं असायचं. "सगळा बरा आसा. येतंय."

सत्तावन्न सालच्या मे महिन्यात, पास्कू यायची वाट बघत असताना, देवबागचा एक खलाशी मालवणच्या पाद्रींना घेऊन आला. तो पास्कूच्याच बोटीवर होता. पाद्री खाली बघत होते. शाबेल भट्टीतून पाव काढत होती. तिने दोघांकडे बघितलं, उरलेले पाव नीट बाहेर काढले, टोपली झाकली आणि मगच म्हणाली, "सांगा."

आफ्रिकेच्या वाटेवर पास्कूला ताप आला होता. बोटीवरच्या डॉक्टरने केलं ते पुरं पडलं नाही. मोंबासाला त्याला पुरलं होतं. खलाशाने त्याची पेटी आणली होती. आत कपडे, रेजीनसाठी घेतलेला रंगीत फ्रॉक आणि एक जपमाळ.

शाबेलने काळं कापड नेसलं. दुसऱ्या दिवशी भट्टी बंद होती, तिसऱ्या दिवशी धूर निघाला. पावाची चव बदलली नाही. संध्याकाळी ती खुरसापाशीही गेली. उभी राहिली. आणि एक शब्द न बोलता परत आली.

असं रोज व्हायला लागलं. ती ठरल्या वेळी जायची, क्रुसाकडे तोंड करून उभी राहायची, ओठ मिटलेले असायचे, आणि मग वळायची. होडीतली माणसंही तिथून जाताना आवाज खाली आणायची. इतकी वर्षं तिच्या बडबडीवर हसणाऱ्या वाडीला ती शांतता सोसवेना. शेवटी काशीबाईने विचारलं.

"बोलणस नाय, मगे जातस कित्या गो थंय?"

"हजेरी लावतंय," शाबेल म्हणाली. "मी खंय गेलंय नाय, ह्यां तेका दिसूक होया. पण बोलूचंय नाय."

"रागावलंस?"

"होय. घरच्याच माणसार रागावतत. परक्यार कोण रागावता?"

पाद्रींच्या कानावर हे गेलं. ते समजावायला आले, पण पडवीत बसून चहा प्यायले, रेजीनची चौकशी केली आणि न समजावताच उठले. जाताना एवढंच म्हणाले, "जात राहा." नंतर ते कोणालातरी सांगत होते की न बोलताही रोज जाणं हीसुद्धा प्रार्थनाच असते. शाबेलला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, प्रार्थना नाही, भांडण आहे.

त्या पावसाळ्यात पाणी फार झालं. गणपती विसर्जनाला गेले, तरी धार थांबेना. घरामागची जमीन भिजून मऊ झाली आणि एका दुपारी पास्कूच्या बापाने बांधलेली ती भट्टी मधोमध खचली. आवाज असा काही झाला नाही. माती नुसती बसली. शाबेल दारात उभी राहून बघत होती. तिने रेजीनला आत घेतलं, दार लोटलं आणि त्या संध्याकाळी खुरसापाशीही गेली नाही.

सकाळी पाऊस उघडला होता. शाबेल मागच्या दारी आली तर बाबली आधीच मातीचा ढीग बाजूला सारत होता. त्याच्यामागोमाग काशीबाई आपल्या हॉटेलातल्या फुटक्या बाटल्या आणि काचा पाटीत भरून घेऊन आली. भट्टीच्या तळाखाली काच आणि मीठ घातलं की उष्णता धरून राहते, हे पास्कू सगळ्यांना सांगत असे, त्यामुळे वाडीत कोणालाही ते ठाऊक होतं. होडीवाल्या सत्यवानाने मिठाचं पोतं खाडीवरून आणून टाकलं. कोणी वारुळाची माती आणली, कोणी काथ्या. कोणालाही कोणी बोलावलं नव्हतं. शाबेल बराच वेळ उंबऱ्यावर बसून होती. मग बाबलीने माती कालवायला घेतली, ती फारच पातळ झाली, आणि तिला राहवेना. ती उठली, कासोटा घातला आणि चिखलात उतरली.

सगळ्यांनी मिळून घुमट उभा केला. तो पहिल्यापेक्षा थोडा वाकडा झाला. वाळल्यावर ज्या दिवशी पहिला जाळ घालायचा, त्या दिवशी ही सगळी मंडळी पुन्हा जमली. शाबेलने काड्या पेटवल्या. धूर धुराड्यातून न जाता समोरून बाहेर आला आणि तिच्या थेट तोंडावर. ती खोकली, मागे सरली, डोळे पुसले, आणि मान वर करून आभाळाकडे बघत ओरडली.

"माझो घोव न्हेलंस. भट्टी न्हेलंस. पावसान घर बुडवलंस. आता ह्यो एक धूर तरी धड जावंदे मरे."

 पुढे ती थांबेचना. मेपासून साठलेलं सगळं बाहेर पडलं. पास्कूला परक्या मातीत का ठेवलंस, पोरीला बापाचा चेहरा किती दिवस आठवणार, काळं कापड उन्हात किती तापतं ते तुला काय माहीत, सगळं. रडत होती आणि बोलत होती. बोलता बोलता तिने काठीने धुराड्यात अडकलेलं मातीचं ढेकूळ पाडलं, आणि धूर सरळ वर गेला.

शाबेलने धुराकडे बघितलं, हातातल्या काठीकडे बघितलं, आणि तिला हसू आलं.

काशीबाई डोळे टिपत बाबलीला म्हणाली, "बोलली एकदाची. आता माका रात्रीची झोप येयत."

त्यानंतर शाबेलने देवाशी बोलणं कधी थांबवलं नाही, आणि भांडणंही थांबवली नाहीत. पासष्टच्या सुमारास गव्हाचं पीठ मिळेनासं झालं. रेशनवर परदेशातून आलेला लालसर मिलो जोंधळा मिळायचा. त्याचे पाव विटेसारखे व्हायचे. तेव्हा तिने खुरसापुढे स्पष्ट सांगितलं, "ह्यां खाणां नव्हे. लोक माझ्या तोंडाकडे बघान खातत ह्यां तुका दिसता मां?" खरं तर लोक खात होते ते दुसरं काही नव्हतं म्हणून. तीही ते जाणून होती. आजाऱ्याच्या घरी पाव द्यायचा तर त्यासाठी थोडं गव्हाचं पीठ वेगळं राखून ठेवायची.

रेजीन मोठी झाली. बापासारखी सडपातळ, आईसारखी बोलकी. मॅट्रिक झाली आणि मिरजेला नर्सिंग शिकायला तिचं नाव लागलं. अडुसष्टच्या जूनमध्ये शाबेल तिला पोचवायला कसालपर्यंत गेली. तिथून कोल्हापूरची एस्टी मिळायची. एस्टीला उशीर झाला. हमरस्त्याच्या कडेला वडाखाली पेटीवर दोघी बसल्या होत्या. शाबेलने वाटेसाठी म्हणून पावांची पिशवी आणली होती, एका मुलीला महिनाभर पुरेल एवढी.

रेजीनने विचारलं, "आवय, मी थंय एकटी. तुका भिया दिसणां नाय?"

"दिसता तर. काल संध्याकाळी तेका सगळा सांगलंय. तुझा नाव, शाळेचा नाव, तू थंडीत खोकतंस तां, सगळा."

"मगे तो काय म्हणालो?"

"तो कधी काय म्हणालो आसा? आयकता. माका तेवढा पुरता."

शेजारी घाटावरची काही माणसं एस्टीची वाट बघत ताटकळली होती. सकाळपासून उपाशी होती. त्यातल्या एका म्हातारीने पिशवीकडे बघितलं. शाबेलने पिशवी उघडली आणि एकेकाला पाव वाटायला सुरुवात केली. रेजीन कुरकुरली, पण तिनेही हात लावला. लाल धूळ उडवत एस्टी वळणावर दिसली तेव्हा पिशवीत चार पाव उरले होते आणि म्हातारी रेजीनला विचारत होती, की पोरी, तू खिडकीपाशी बसणार का, मला वारा लागतो.